आश्रमवाले म्हणतात हॉस्पिटलातनं इकडे परत आणू नका, असं करता येतं का? (नाशिक)

सिडकोची_लेक:
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, समजून घ्या. वडील ७८ वर्षांचे, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर. आई गेल्यापासून म्हणजे दोन वर्षं शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात आहेत, नाव मुद्दाम लिहीत नाही. फुकटातला नाही, महिना १८ हजार आणि सुरुवातीला ५० हजार डिपॉझिट. मागच्या आठवड्यात बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता हॉस्पिटल म्हणतंय परवा डिस्चार्ज. आणि काल आश्रमाच्या मॅनेजरचा फोन, की आम्ही बेडरिडन पेशंट ठेवत नाही, त्यांना इकडे आणू नका, सामान आठ दिवसांत न्या नाहीतर खोलीबाहेर काढून ठेवू. लेखी काही नाही, नुसता फोन. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, घरात सासूबाई पण आजारी. भाऊ बंगलोरला. फॉर्मवर सही भावाची, त्यामुळे आश्रम म्हणतो तुमच्याशी आम्हाला बोलायचंच नाही. कायद्यात काही नोटीस पिरियड असतो का? भाडेकरूला सुद्धा महिना देतात की.

पाथर्डीफाटा:
ताई, आमच्या मामांच्या बाबतीत अगदी हेच. आश्रमात धडधाकट असताना "काका काका", आणि एकदा का ॲम्ब्युलन्समधून गेले की गेट बंद. हॉस्पिटल हा यांचा मागचा दरवाजा आहे, तिकडनं माणूस बाहेर गेला की आपण काढलं असं म्हणावंच लागत नाही. आधी हॉस्पिटलला सांगा की जायची सोय झाल्याशिवाय डिस्चार्ज नको, दोन दिवस वाढवून मागा. बिल वाढेल, पण रस्त्यावर स्ट्रेचर घेऊन उभं राहण्यापेक्षा बरं.

म्हसरूळ_एक्सप्रेस:
काय भो, एवढं कशाला विचारता, सरळ ॲम्ब्युलन्स आश्रमाच्या गेटवर न्यायची, फेसबुक लाइव्ह चालू करायचं, एका चॅनेलवाल्याला फोन करायचा. पाच मिनिटांत गेट उघडतंय की नाही बघा.

सिस्टर_मावशी:
@म्हसरूळ, टाके ओले असलेला म्हातारा माणूस गेटवर तासभर उन्हात ठेवणार का तुम्ही लाइव्हसाठी? आणि आत घेतलं तरी चिडलेल्या स्टाफच्या हातात रात्री त्यांना सोडून तुम्ही घरी जाणार. काहीही सुचवता.

ताई, मी अठरा वर्षं वॉर्डात काढली, आता नर्सिंग ब्युरोतर्फे घरी जाऊन सेवा करते. बेडरिडन हा शब्द कोणी वापरला, डॉक्टरांनी की मॅनेजरने? खुब्याचं ऑपरेशन झालेले बरेच पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकरवर उभे करतात. डिस्चार्ज कार्ड हातात येईल तेव्हा शेवटचं पान वाचा, ॲडव्हाइसच्या खाली काय लिहिलंय ते. तिथं "आधाराने वॉकरवर चालवणे" असं असेल तर ते बेडरिडन नाहीत, विषय संपला. नसेल लिहिलं तर राउंडला आलेल्या डॉक्टरांना गाठून लिहून घ्या. किती जणांचा आधार लागतो, संडासला उंच सीट लागेल का, रक्त पातळ होण्याची इंजेक्शनं किती दिवस, टाके कधी काढायचे, हे सगळं त्याच कागदावर हवं. नंतर कुठल्याही आश्रमात हाच कागद बघतात.

काळाकोट:
वकील आहे, कन्झ्युमरच्या केसेस बघतो. जरा लांब लिहितो.

पहिलं म्हणजे भाडेकरूचा कायदा इथं चालत नाही. आणि वृद्धाश्रमातून माणसाला काढायचं असेल तर इतक्या दिवसांची नोटीस द्या, अमुक कारणंच चालतील, असा थेट नियम पैसे घेणाऱ्या खासगी आश्रमांसाठी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात नाही. त्या कायद्याचं कलम १९ सरकारने जिल्ह्यात गरजूंसाठी वृद्धाश्रम काढण्याबद्दल आहे, निदान १५० जणांची सोय होईल असा. खासगीवाल्यांबद्दल २०१९ साली दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं होतं, त्यात अशा घरांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवायचं होतं, पण ते पास झालं नाही आणि २०२४ ला लोकसभा विसर्जित झाली तसं बारगळलं. त्यामुळे आज तुमचा कायदा म्हणजे तुम्ही सही केलेला प्रवेश अर्ज आणि त्याला लागू होणारा ग्राहक कायदा. तो अर्ज आधी मिळवा. भावाकडे कॉपी नसेल तर भावाने ईमेलवर मागायची, व्हॉट्सॲपवर पण चालेल पण ईमेल जास्त बरा.

दुसरं, फोनवर दिलेली नोटीस आपण नोटीस धरायचीच नाही. आजच लिहून पाठवा: आपण फोनवर असं असं सांगितलंत, कुठल्या नियमाखाली आणि कुठल्या कारणासाठी ते लेखी कळवा, तोपर्यंत खोली आणि सामान आहे तसं राहू द्या, या महिन्याची फी भरलेली आहे. ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही. (रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन केलंय, काउंटरवर पोचपावती वेगळी मागून घ्या, नाहीतर नुसती ट्रॅकिंग स्लिप देतात.)

तिसरं आणि महत्त्वाचं. वडलांचं डोकं शाबूत आहे ना? मग फॉर्मवर सही कोणाची आहे याला काडीचीही किंमत नाही. पालक म्हणून सही करणारा मुलगा हा ७८ वर्षांच्या सज्ञान माणसाचा कायदेशीर पालक होत नाही, तो फक्त पैसे द्यायला जबाबदार. कुठे राहायचं, कुठे जायचं हे वडील ठरवणार. त्यांच्या सहीचं एक पत्र करा की माझ्या वतीने माझी मुलगी बोलेल. सही जमत नसेल तर अंगठा आणि दोन साक्षीदार.

सिडकोची_लेक:
डोकं एकदम शाबूत आहे, आयसीयूत असताना सुद्धा नर्सला पेन्शनची तारीख सांगत होते. पत्र आज करते. धन्यवाद दादा.

जर्सीतला_नाशिककर:
मी मूळचा पंचवटीचा, न्यू जर्सीत असतो. सासूबाई इथे नर्सिंग होममध्ये आहेत म्हणून हे नियम पाठ झालेत. इकडे १९८७ च्या फेडरल कायद्यापासून नर्सिंग होमला मनाला येईल तसं काढता येत नाही. सहाच कारणं चालतात: त्यांची गरज तिथं भागत नाही, तब्येत सुधारली आता गरज उरली नाही, इतरांच्या सुरक्षिततेला धोका, इतरांच्या आरोग्याला धोका, पैसे थकले, किंवा होमच बंद पडतंय. साधारण ३० दिवस आधी लेखी नोटीस, त्यात कारण, तारीख, कुठे हलवणार ते, आणि अपील कुठे करायचं ते छापलेलं असावं लागतं. त्याची प्रत ओम्बड्समनला जाते, म्हणजे रहिवाशांच्या बाजूने भांडायला ठेवलेला माणूस. अपील टाकलं की निकाल लागेपर्यंत सहसा काढता येत नाही. आणि तुमच्यासारखं हॉस्पिटलात गेल्यावर तर बेड किती दिवस राखून ठेवणार हे लेखी द्यावं लागतं, ते दिवस उलटून गेले तरी मेडिकेड किंवा मेडिकेअरवरच्या (या इथल्या सरकारी आरोग्य योजना) माणसाला रिकाम्या होणाऱ्या पहिल्या बेडवर परत घ्यायचं असतं. अर्थात हे सरकारी पैसा घेणाऱ्या नर्सिंग होमचं. असिस्टेड लिव्हिंग नावाचा, रोजच्या कामात थोडी मदत मिळते असा राहायचा जो प्रकार आहे तिथं राज्याराज्याचं वेगळं, तिथं लोक फसतातच. आणि नियम असून इथेही हॉस्पिटलात टाकून परत न घेण्याचे प्रकार होतातच, फक्त भांडायला कागद असतो.

पाथर्डीफाटा:
वाचूनच हेवा वाटला. आपल्याकडे मॅनेजरचा मूड हाच कायदा.

संस्थावाला:
मी स्वतः एक छोटं वृद्धाश्रम चालवतो, नाशिकपासून थोडं लांब, म्हणून राहवलं नाही. सगळे मॅनेजर राक्षस नसतात हो. माझ्याकडे २२ आजी-आजोबा, रात्री एक मावशी आणि एक मुलगा. खुब्याच्या पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर करायला दोन माणसं लागतात, एकाने केलं तर पाठीला जखम, जखम झाली की नातेवाईक आमच्याच अंगावर. त्या वेळी बाकीच्या २१ जणांकडे कोण बघणार? मी सुद्धा नाही म्हणतो. पण मी फॉर्मवर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहितो, स्वतः चालता-खाता येणाऱ्यांसाठीच, आणि नाही जमलं तर एक महिना देतो आणि दुसरीकडे जागा बघायला स्वतः फोन लावतो. ताई, तुमच्या आश्रमाने फोनवर आठ दिवस सांगणं चूकच आहे. पण त्यांना "घ्यायलाच हवं" म्हणून भांडलात आणि जिंकलात तर वडलांची सेवा तीच दोन माणसं करणार आहेत, हे ध्यानात असू द्या.

सिस्टर_मावशी:
संस्थावाले दादांचं शेवटचं वाक्य शंभर टक्के.

गोदाकाठचा_आप्पा:
महसूल खात्यात होतो, रिटायर. इथे बरेच जण ट्रिब्युनल ट्रिब्युनल करतील म्हणून सांगून ठेवतो. ज्येष्ठ नागरिकांचं न्यायाधिकरण म्हणजे आपला प्रांत, उपविभागीय अधिकारी. तिथला अर्ज मुलांविरुद्ध किंवा ज्या नातेवाइकाला मालमत्ता मिळणार त्याच्याविरुद्ध असतो, निर्वाहासाठी. आश्रमाने काढलं म्हणून प्रांताकडे गेलात तर आश्रमाला आदेश द्यायचा तो रस्ता नाही. पण आश्रमाची फी कोण भरणार, भाऊ भरत नाही, असा वाद असला तर तोच रस्ता. मर्यादा महिना १० हजार आहे. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल, फार तर ३० दिवस वाढवून. कागदावर तरी. मुलगा परगावी असला तरी वडील राहतात त्या जिल्ह्यात अर्ज चालतो. अपील कलेक्टरकडे, ६० दिवसांत.

अर्ज द्यायला जाल तेव्हा आवक टेबलला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, नंबर घेतल्याशिवाय हलू नका. साहेबांना भेटून तोंडी सांगितलेलं कुठल्याही फायलीत सापडत नाही.

समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे पण एक प्रत द्या, नासर्डी पुलाजवळ पुणे रोडला सामाजिक न्याय भवन आहे तिथे. आश्रम अनुदान घेत असेल तर त्यांचा शब्द चालतो. ट्रस्ट असेल तर धर्मादाय सहआयुक्तांचं ऑफिस नाशिकलाच आहे. आणि १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८, तिथं तक्रार नोंदवलीत की कधी कधी त्यांचा माणूस आश्रमाला फोन करतो, नुसत्या त्या फोनने सूर बदलतो.

गंगापूररोडची_काकू:
धाग्यात घुसते, माफ करा, पण माझं उलटं आहे. माझ्या मोठ्या बहिणीला आम्हाला तिथून हलवायचंय, ती स्वतः म्हणते मला ने, पण आश्रमवाले दोन महिन्यांची थकबाकी भरल्याशिवाय सोडत नाहीत, आधार कार्ड आणि पासबुक पण त्यांच्याकडेच. हे चालतं का?

काळाकोट:
काकू, अजिबात चालत नाही. थकबाकी ही पैशाची बाब, त्यासाठी त्यांनी दावा लावावा. माणूस तारण ठेवता येत नाही. सज्ञान बाई जाते म्हणतेय आणि तुम्ही गेट लावून अडवता हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६-१२७ मध्ये बसतं, अडवणूक आणि डांबून ठेवणं. ताबडतोबीचा उपाय म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०० (जुन्या सीआरपीसीचं ९७): प्रांत किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, ते वॉरंट काढून माणसाला समोर हजर करायला लावतात. बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही. बहिणीचं दोन ओळींचं पत्र आणि "तारीख अमुक रोजी सकाळी अकराला न्यायला येतोय, प्रत पोलीस स्टेशनला दिली आहे" एवढं पुरतं. आधार-पासबुक परत मागताना यादी करून मागा. आणि थकबाकी खरी असेल तर भरा हो, किंवा वाद असेल तर "हरकत राखून" असं पावतीवर लिहून भरा.

गंगापूररोडची_काकू:
थकबाकी खरी आहे, भाच्याने भरायची राहिली. भरतोच. पण कागद अडकवून ठेवलेत त्याचा राग आला. पत्र लिहिते.

म्हसरूळ_एक्सप्रेस:
रेराकडे, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते ना? महारेराने सीनियर सिटिझनसाठी नियम काढलेत असं वाचलं होतं पेपरात.

काळाकोट:
ते २०२४ चं, बिल्डरने ज्येष्ठांसाठी म्हणून फ्लॅट विकायचा प्रोजेक्ट काढला तर रॅम्प, लिफ्ट, रुंद दरवाजे कसे हवेत त्याबद्दल. घर विकत घेणाऱ्यांसाठी. महिना फी भरून राहणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही.

सिडकोची_लेक:
अपडेट. भावाने फॉर्मचा फोटो पाठवला. दोन ओळी जशाच्या तशा टाकते. नियम ९: "प्रवेशितास संस्था सोडावयाची असल्यास एक महिना पूर्वसूचना द्यावी, अन्यथा एक महिन्याची फी कपात करण्यात येईल." नियम १४: "कोणतेही कारण न देता प्रवेश रद्द करण्याचा अधिकार संस्थेने राखून ठेवला आहे." आजारपणाबद्दल एवढंच आहे की हॉस्पिटलचा खर्च नातेवाइकांचा. बेडरिडन वगैरे एक अक्षर नाही.

आणि डिस्चार्ज कार्डावर मावशी म्हणाल्या तसंच निघालं, "एका व्यक्तीच्या आधाराने वॉकर". दोन नाही, एका. डॉक्टरांनी वर स्वतःच्या लेटरहेडवर पण लिहून दिलं. फार सज्जन माणूस.

पाथर्डीफाटा:
म्हणजे आपण सोडलं तर महिना, त्यांनी काढलं तर कारण पण नाही! वा रे वा.

काळाकोट:
हा फॉर्म माझ्या आवडीचा झाला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्याच आहे आणि त्यात एका बाजूने सबळ कारणाशिवाय करार मोडायची मुभा हा प्रकार सरळ नाव घेऊन दिलाय. नियम १४ त्यात फिट्ट बसतो. फक्त एक खोच आहे, "अन्याय्य करार" म्हणून तक्रार करायची तर ती जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य आयोगात जावं लागतं. त्यामुळे मी तुमच्या जागी तक्रार "सेवेतील त्रुटी" म्हणून नाशिकच्या जिल्हा आयोगात करेन: पैसे घेतले, आजारपणाची अट लिहिली नाही, डॉक्टर म्हणतात एका माणसाच्या आधाराने चालतात, तरी फोनवर काढलं. तक्रारदार वडील स्वतः. पैसे भावाने भरले तरी सेवा ज्याच्यासाठी घेतली तो ग्राहकच असतो. तुम्ही भरलेली रक्कम दोन वर्षांचे ४ लाख ३२ हजार आणि डिपॉझिट ५० हजार, म्हणजे ५ लाखांच्या आत, त्यामुळे तक्रारीला फी शून्य. मुदत घटनेपासून दोन वर्षं. तक्रारीबरोबरच अंतरिम आदेशाचा अर्ज टाकता येतो, की निकालापर्यंत खोली काढून घेऊ नका. आयोगात वेळ लागतो हे खोटं बोलून सांगणार नाही, पण अंतरिम अर्ज लवकर ऐकतात. आधी ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून नोंद करून ठेवा, फुकट आहे.

(फुकटातल्या धर्मादाय आश्रमात राहणाऱ्यांना हा रस्ता नाही, मोबदला दिला नाही तर ग्राहक होत नाही. त्यांनी आप्पांनी सांगितलेला समाजकल्याण-धर्मादायचा रस्ता धरावा.)

वकील परवडत नसेल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पण इथं तक्रारदार वडील आहेत, त्यामुळे त्यांना मिळेल का ते तिथं विचारा.

गोदाकाठचा_आप्पा:
आणखी एक. ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २४ लोक फक्त पोरांसाठी आहे असं समजतात. त्यात शब्द असे आहेत की ज्याच्याकडे ज्येष्ठाची काळजी किंवा संरक्षण आहे त्याने त्याला कायमचं टाकून द्यायच्या इराद्याने कुठेही सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हाताऱ्याला सिव्हिलच्या ओपीडीत बसवून गाडी वळवणाऱ्या संस्थेला हे दाखवता येतं. ताईंच्या केसमध्ये एवढं ताणू नका, पण पत्रात उल्लेख केला तर बिघडत नाही.

काळाकोट:
आप्पांशी सहमत, पण पत्रात नको. धमकीचं पत्र वाटलं की समोरचा वकील गाठतो आणि मग मॅनेजरशी बोलणंच बंद होतं.

तर्री_जास्त:
कोणीच विचारत नाही म्हणून विचारतो, भावाचं काय? बापाचा फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?

सिडकोची_लेक:
हा प्रश्न येणार माहीत होतं. फ्लॅट वडलांनी २०१९ ला भावाला बक्षीसपत्राने दिला. आत्ता भाड्याने दिलाय, त्या भाड्यातूनच तो आश्रमाची फी भरतो. भाऊ वाईट नाहीये, लांब आहे एवढंच. त्याच्याविरुद्ध मला काही करायचं नाही.

काळाकोट:
करू नका, पण माहिती असू द्या. ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली असं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, जर देताना सांभाळ करायची अट असेल आणि सांभाळ केला नाही तर. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये म्हटलं की अट दिसली पाहिजे, नुसतं वडील-मुलगा नातं पुरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मात्र एका निकालात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने सढळ हाताने लावा असं सांगत आईने दिलेलं दान रद्द केलं, तिथं सांभाळाचं वचनपत्र लिहिलेलं होतं. तुमच्या भावाला एवढंच सांगा की पुढच्या आश्रमाची फी वाढली तर भाड्यातला वाटा वाढवायचा, आणि ते दोन ओळीत लिहून दे.

नाव_नको:
माझ्या काकूंना स्मृतिभ्रंश आहे, त्या अशा केंद्रात आहेत जिथं मानसिक आजाराचे पेशंट पण ठेवतात. केंद्र म्हणतंय त्यांना आमच्याच दुसऱ्या शाखेत हलवतोय, दुसऱ्या जिल्ह्यात. आम्हाला नंतर कळवलं. इथं पण फॉर्मच चालतो का?

काळाकोट:
नाही, तुमचं वेगळं. केंद्र मानसिक आरोग्य संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा लागू. कलम ९३ बघा: दुसऱ्याच्या मदतीने म्हणजे कलम ८९-९० खाली दाखल असलेल्या माणसाला दुसऱ्या संस्थेत हलवायचं तर त्याची सूचना आणि कारणं आधी त्या माणसाला आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला द्यावी लागतात. नंतर कळवलं हे चालत नाही. काकूंचा प्रतिनिधी कोण नोंदवलाय ते विचारा. आणि ८९ खालचं दाखल करणं ३० दिवसांपुरतंच, पुढे ठेवायचं तर ९० खाली नव्याने तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवणं. बाईला दाखल केलं तर तीन दिवसांत मंडळाला कळवायचं असतं. हे कागद मागा, कागदपत्रं बघायचा हक्क त्याच कायद्यात आहे. त्याच मंडळाकडे साध्या अर्जाने तक्रार करता येते.

केंद्राची नोंदणीच नसेल तर ती आणखी मोठी भानगड.

नाव_नको:
नोंदणी आहे का तेच विचारते उद्या. प्रतिनिधी म्हणून कोणाचंच नाव दिलेलं आठवत नाही.

सिडकोची_लेक:
चार दिवस इकडे येता आलं नाही, सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते. काळाकोट दादांच्या सांगण्यावरून पत्र पाठवलं, डॉक्टरांचं लेटर आणि वडलांचं सहीचं पत्र जोडून. सही थरथरली पण पूर्ण नावाची केली, "अंगठा लावायला मी काय अडाणी आहे का" म्हणाले. दुसऱ्या दिवशी ट्रस्टींचाच फोन, मॅनेजरचा नाही, की गैरसमज झाला, काका एक महिना राहू शकतात, मात्र दिवस-रात्रीचा माणूस तुम्ही ब्युरोतून ठेवा, त्याचं जेवण आम्ही देऊ. ते ईमेलवर घेतलं.

मग वडलांना विचारलं तर ते म्हणाले मला तिथं जायचंच नाही. सामान बाहेर काढतो म्हणाले ना, मग मी बाहेरच बरा. समजावलं, ऐकेनात. ठरवणार तेच, हे तुम्हीच शिकवलंत. शेवटी इंदिरानगरकडे एक जागा बघितली, तळमजला, फिजिओ रोज येतो, चोवीस तास नर्स. महाग आहे, २६ हजार. भाऊ म्हणाला वाढवतो मी. हॉस्पिटलातून थेट तिकडेच नेलं.

सिस्टर_मावशी:
छान झालं. आता सामान आणायला गेलात की यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. औषधं मोजून, चष्मा, कवळी, कानाचं मशीन, आधार, पासबुक, एटीएम. कवळी हमखास राहते. आणि त्यांच्याकडची रोजची नोंदवही असेल तर बीपी-साखरेच्या पानांचे फोटो काढा, नवीन नर्सला उपयोगी पडतात.

गोदाकाठचा_आप्पा:
पेन्शनचा पत्ता, बँकेतला मोबाइल नंबर बदला. नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागेल, बँकेत नेणं जमणार नाही, मोबाइलवर चेहरा दाखवून होतो आता, किंवा पोस्टमन घरी येऊन करतो. नवीन ठिकाणचा फॉर्म भरलात का वाचून?

सिडकोची_लेक:
वाचून नाही, भांडून. "कारण न देता" तिथंही होतंच. मी म्हटलं हे खोडा आणि लिहा की काढायचं असेल तर ३० दिवस लेखी आणि कारण, आणि हॉस्पिटलात गेले तर १५ दिवस बेड राखून ठेवणार, निम्म्या फीवर. मॅडम म्हणाल्या आजवर कोणी असं मागितलं नाही. पण पेनाने लिहून शिक्का मारून दिलं. जर्सीवाल्या दादांमुळे सुचलं बरं का.

जर्सीतला_नाशिककर:
वाचून बरं वाटलं. आईबाबा अजून पंचवटीतच आहेत, हा मुद्दा मी पण टिपून ठेवला.

सिडकोची_लेक:
एकच राहिलं. जुन्या आश्रमाने डिपॉझिटमधून नियम ९ दाखवून एक महिन्याची फी आणि वर ६ हजार "खोली स्वच्छता" म्हणून कापले, २६ हजार परत द्यायला तयार आहेत. घेऊ का?

काळाकोट:
चेक घ्या, पण "पूर्ण व अंतिम" असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. पावतीवर लिहा: "अंशतः परतावा, उर्वरित रकमेची मागणी कायम." नियम ९ हा तुम्ही सोडलंत तर आहे. इथं आधी त्यांनी आणू नका म्हटलं, तो फोन त्यांनी नंतर ईमेलवर गैरसमज म्हणून कबूल केलाय. ते नंतर ठेवायला तयार होते, तुम्हीच गेलात, असं ते म्हणतील, म्हणून त्या कपातीवर थोडं मागेपुढे होऊ शकतं. ६ हजारांचं बिल मात्र मागाच, खोली कोणी आणि कधी साफ केली त्याची पावती. नाही देणार. मग १९१५.